आर्गॉनची पेटी, नवसागराचा धूर

आखेन, सोमवार

ती. बाबांस, सा. न.

आज श्रावणातला शेवटचा सोमवार. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी आपल्या अकोल्याच्या राजराजेश्वराला पोचल्या असतील. आठवडाभर तुमच्या दुकानात भांडी उजळून घ्यायला रीघ लागली असेल. मी इथल्या फ्राउनहोफर लेझर तंत्रज्ञान संस्थेत पाहतेय तेही उजळण्याचंच काम. पण चिंच नाही, राख नाही, घासणं तर मुळीच नाही.

लेझरचा किरण पोलादावरून सरकतो तसा वरचा अगदी पातळ थर क्षणभर वितळतो. पृष्ठताणाने उंचवटे बसतात, खाचा भरतात, आणि थर गोठला की लखलखीत! काही खरवडावं लागत नाही. घोळ घालते ती हवा. उघड्यावर ऑक्सिजन त्या तापल्या थराला धरतो, वर दुधासारखी साय येते, डाग पडतात. म्हणून काम बंद पेटीत, आर्गॉन भरून. हा वायू आपल्या हवेतही असतो, शंभरात जेमतेम एक भाग; रॅले आणि रॅमसे यांना तो सापडला १८९४ साली. कोणाशी संयोग पावत नाही, म्हणूनच कामाचा.

तुम्ही म्हणाल, यात नवं काय? कल्हईच्या वेळी तापल्या भांड्यात नवसागर टाकता तेव्हा तुम्हीही वायूच कामाला लावता. त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, दुसरा तांब्यावरचा काळिमा खातो, मग २३२ अंशांना वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने फिरतं. तुमचा वायू काळिमा काढतो, इथला धरूच देत नाही. मला तुमचाच जास्त हुशार वाटतो.

श्टोलबेर्ग, गुरुवार

ती. बाबांस, सा. न.

आखेनशेजारचं हे गाव तुम्हाला दाखवायला हवं होतं. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे पितळेच्या भट्ट्या पेटल्या. जस्ताचं खनिज जवळच मिळे. तांबटांच्या वाड्यांच्या भिंती मात्र किल्ल्यासारख्या, आपल्या असदगडाची आठवण व्हावी अशा.

काल संस्थेत टायटॅनियमचं काम पाहिलं. त्याला ऑक्सिजन तर नकोच, पण स्वस्तातला नायट्रोजनही चालत नाही. तापलं की ते तोही शोषतं, सोनेरी दिसतं, आणि कातडी ठिसूळ होते. सोनेरी दिसलं म्हणून फसायचं नाही. पोलादाचं आणखी विचित्र: आर्गॉनमध्ये किंचित ऑक्सिजन मिसळला तरी वितळलेला धातू मधून बाहेर वाहायचा तो कडेकडून आत वाहू लागतो. आणि वायूचा झोत जोरात सोडला तर थरावर लाटा उठतात, वर बाहेरची हवाही आत ओढली जाते.

आर्गॉन हवेहून जड. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत साठला तर माणूस नकळत गुदमरतो, म्हणून असं काम चालतं तिथे ऑक्सिजन मोजणारं यंत्र लागतं. नवसागर निदान खोकला आणून सांगतो तरी. बाबा, तो खोकला उगीच येत नाही. पावसाचं निमित्त करून भट्टी आतल्या खोलीत नेऊ नका. मोर्णा नदीकडची खिडकी उघडी ठेवून, तोंडाला फडकं बांधूनच कल्हईला बसा.

तुमची थोरली