कापरेकर, हार्डी आणि मी
नाशिकमध्ये गणित शिकवणाऱ्याला कापरेकर टाळता येत नाहीत. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते, १९६२ साली निवृत्त झाले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर गेलं. त्यांच्याविषयी चार शब्द बोलायची वेळ आली की मी बोलायचो. मनातून मात्र त्यांचे आकड्यांचे खेळ म्हणजे गणित नव्हेच, असं मानायचो.

हे मत हार्डींकडून उचललेलं. जी. एच. हार्डी यांनी १९४० सालच्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचा दाखला दिलाय: २१७८ ची चौपट ८७१२, १०८९ ची नऊपट ९८०१, दोन्हीकडे तेच आकडे उलट क्रमाने. अशा गमती वर्तमानपत्री कोड्यांना शोभतात, गणित्याच्या कामाच्या नाहीत, असा त्यांचा निकाल. मला तो पटायचा. आकडे हा संख्येचा पोशाख; दहाऐवजी आठच्या पायावर लिहा, गंमत संपली.

मत फिरलं ते १४२८५७ या संख्येमुळे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा आकडे तोडा: २०४०८ आणि १२२४४९. बेरीज पुन्हा १४२८५७. अशी संख्या म्हणजे कापरेकर संख्या. इथवर जादूचाच प्रयोग. पण असं तोडून बेरीज केल्याने ९९९९९९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. म्हणजे अट एवढीच, की १४२८५७ आणि १४२८५६ यांच्या गुणाकाराला ९९९९९९ ने निःशेष भाग जावा. शेजारशेजारच्या संख्यांना सामाईक अवयव नसतो, त्यामुळे ९९९९९९ चे २७, ७, ११, १३, ३७ हे अवयव अख्खेच्या अख्खे वाटले जातात. १४२८५७ कडे २७, ११, १३ आणि ३७. १४२८५६ कडे एकटा ७. आणि १४२८५६ ला ७ ने भागलं की येतात २०४०८, वर्गाचा डावा तुकडा! कापरेकर संख्या म्हणजे ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या अवयवांच्या वाटण्या; डग्लस इयानुच्ची यांनी २००० साली ही सांगड पक्की सिद्ध केली.

पोशाखाचा आक्षेपही इथे उलटतो. पाया बदला, नवी वाटणी मिळते. दोनच्या पायावर २८ घ्या: वर्ग ७८४, सहा आकड्यांपाशी तोडायचा म्हणजे ६४ ने भागायचं. भागाकार १२, बाकी १६, बेरीज २८. आणि २८ ही परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेइतकी. युक्लिडच्या सूत्रातून येणाऱ्या सगळ्या सम परिपूर्ण संख्या दोनच्या पायावर कापरेकर संख्याच निघतात. याला कोडं म्हणायला माझी जीभ आता वळत नाही.

कापरेकरांच्याच ६१७४ चं मात्र मला अजूनही फारसं कौतुक नाही. चार आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, सगळे आकडे सारखे नसले तर गाडी तिथेच येऊन थांबते, हे खरं. पण त्यामागे अवयवांच्या वाटणीसारखं काही हाती लागत नाही. व्याख्यानात टाळ्या नेमक्या त्यालाच पडतात, ही गोष्ट वेगळी.