कोथिंबिरीची उंची

कोथिंबिरीसाठी रोज कमरेत वाकायचं आणि बर्फ मात्र हात वर केला की मिळायचा, अशी आपल्याकडच्या बहुतेक फ्रीजची रचना असते. फ्रीझर वर, भाजीचा ट्रे तळाला. घरोघरी हेच पाहत आल्यामुळे फ्रीज असाच असायचा, असं आपण धरून चाललो. आता दुकानात गेलं की त्याच रांगेत उलट्या मांडणीचे फ्रीजही दिसतात. वर मोठं दार आणि आत रोजचं सगळं सामान, खाली फ्रीझर. विक्रेता विचारतो, "ताई, फ्रीझर वर हवा की खाली?" प्रश्न रंग विचारल्यासारखा सहज येतो. मला तो घरातल्या सकाळबद्दलचा प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर दुकानात नाही, स्वयंपाकघरात सापडतं.

आमच्याकडे सकाळी फ्रीज पहिल्यांदा उघडतो तो दुधासाठी. रात्रीचं पातेलं बाहेर येतं, वरची जाड साय सायीच्या भांड्यात जाते, भांडं परत आत. मग पोह्यांसाठी मिरच्या. देठं काढून, स्टीलच्या डब्यात, भाजीच्या ट्रेमध्ये. मग कढीपत्ता. मग डब्याच्या भाजीसाठी आलं. मग लिंबू, आणि पोह्यांवर झाकण पडलं की कोथिंबीर. सगळं एकदमच काढून ठेवावं, असा सल्ला देणारे भेटतात. पण स्वयंपाक करणारं माणूस यादी हातात घेऊन चालत नाही, फोडणी जे मागेल ते देत जातं. सासूबाई भाजीचा ट्रे ओढतात तेव्हा त्यांचा डावा हात दाराच्या मुठीवर असतो. वाकण्याआधी त्या क्षणभर थांबतात. ट्रे अडखळत पुढे येतो, कारण त्यात कोबी असतो. डबा हाती लागला की उठताना सगळा भार पुन्हा त्या मुठीवर. मुठीचा रंग तेवढ्याच जागी उडाला आहे. त्या सकाळभरात फ्रीझर उघडतो तो बहुतेक एकदाच, खवून ठेवलेल्या ओल्या खोबऱ्यासाठी. त्यालाही घाई नसते. डबा ओट्यावर ठेवून खोबरं मोकळं व्हायची वाट बघायची असते.

ज्याला घाई नाही ते डोळ्यांसमोर आणि ज्यावाचून फोडणी अडते ते पायाशी, असं का झालं असेल? त्यामागे खरं कारण होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. १९५८ मध्ये गोदरेजने भारतात घरगुती फ्रीज बनवायला सुरुवात केली. तिथून पुढे अनेक वर्षं मध्यमवर्गीय घरांत जो फ्रीज आला तो एका दाराचा. आत, अगदी वर, अ‍ॅल्युमिनियमची लहानशी पेटी. थंडी तयार होण्याची जागा म्हणजे तीच पेटी. गार हवा जड असते. ती पेटीवरून खाली उतरायची, खालची उबदार हवा वर चढायची, पेटीला लागून गार व्हायची आणि पुन्हा उतरायची. पंखा नाही, झडपा नाहीत. थंडी वर ठेवली की उरलेलं काम ती आपली आपण करायची. तीच पेटी तळाला ठेवली असती तर तळ गोठला असता आणि वरचं दूध नासलं असतं. म्हणजे फ्रीझर वर असणं ही त्या यंत्राची गरज होती.

शिवाय त्या काळी अपूर्वाई बर्फाचीच होती. सोलापूरच्या आमच्या वाड्यात मे महिन्याच्या दुपारी शेजारच्या काकू वाडगा घेऊन यायच्या, "चार खडे देता का हो, पाहुणे आलेत." आई फ्रीझरचं झाकण उघडायची आणि आम्ही मुलं पाटावर पाट ठेवून आत डोकावायचो. पेटीच्या भिंतींवर बोटभर पांढरा बर्फ चढलेला असायचा आणि ट्रे त्यात घट्ट रुतलेला. सुरीने खरवडायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. पेटीच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असत. एक भोक पडलं की गॅस गेला आणि फ्रीज बंद. बर्फ फार चढला की डीफ्रॉस्टचं बटण दाबायचं, खाली जुनं धोतर अंथरायचं आणि थांबायचं. त्या फ्रीजमध्ये बर्फाला मानाची जागा मिळाली, यात नवल नाही. तो घरातला सगळ्यात नवा पाहुणा होता.

मग फ्रॉस्ट फ्री फ्रीज आले आणि आतलं सगळं बदललं. थंडी देणारी नळ्यांची जाळी फ्रीझरच्या भिंतीमागे गेली. एक पंखा तिथली गार हवा वाटांवाटांनी सगळीकडे पाठवू लागला. जाळीवर जमणारा बर्फ ठरावीक वेळाने हीटर आपसूक वितळवतो, ते पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जातं. ज्या दिवशी हवा ढकलायला पंखा आला, त्या दिवसापासून थंडीला उंचीची गरज उरली नाही. फ्रीझर वर ठेवा, खाली ठेवा, बाजूला ठेवा. उणे १८ अंश कुठेही राखता येतात आणि दूध-भाजीचे ४ अंशही. यंत्राची अट सुटली. आता अट असेल तर ती फक्त माणसाची.

अर्थात फ्रीझर खाली नेण्याची किंमत आहे, आणि ती नीट पाहिली पाहिजे. कॉम्प्रेसर बहुतेक फ्रीजमध्ये मागे तळाशी असतो आणि चालताना तापतो. त्याच्या शेजारी सगळ्यात गार कप्पा ठेवायचा म्हणजे ऊब आत शिरू नये म्हणून जास्त झटावं लागतं. त्यामुळे तेवढ्याच लिटरचा खालच्या फ्रीझरचा फ्रीज सहसा थोडी जास्त वीज घेतो, आणि खरेदीलाही महाग पडतो. ऊर्जा दक्षता ब्युरोची ताऱ्यांची पद्धत २००६ मध्ये सुरू झाली. दुकानात आपण तारे मोजतो, पण त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडाही छापलेला असतो. तारे त्या-त्या आकाराच्या आणि प्रकाराच्या फ्रीजच्या हिशेबाने दिलेले असतात. दोन वेगळ्या मांडणीचे फ्रीज शेजारी ठेवून तुलना करायची तर युनिटचाच आकडा बघावा.

आणि काही घरांत फ्रीझर वरच हवा. माझी नणंद मालवणची. फ्रीजचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे भाजीपेक्षा मासळीसाठीच फ्रीज जास्त उघडतो. फ्रीझर खाली नेला तर मी दिवसभर वाकतच राहीन." तिच्या फ्रीझरमध्ये सुरमईच्या तुकड्या असतात, सोललेली कोळंबी असते, मे महिन्यातले ओले काजूगर असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा तर त्या कप्प्यावर तिची सकाळ-संध्याकाळ नजर असते. काय उरलंय, काय आधी संपवायचं. तिच्यासाठी रोजचं सामान म्हणजे फ्रीझरमधलं सामान. तिला ते डोळ्यांच्या उंचीवरच हवं, आणि तिचं अगदी बरोबर आहे. मुंबईतल्या अरुंद स्वयंपाकघरातही वरचा फ्रीझर सोयीचा पडतो. खालच्या फ्रीझरमध्ये बहुधा ड्रॉवर असतात आणि ते पूर्ण बाहेर यायला दार पुरतं उघडावं लागतं. फ्रीज भिंतीला खेटून असेल तर दार अडतं आणि ड्रॉवर अर्ध्यातच थांबतो.

ड्रॉवरचं एक सुख मात्र सांगायला हवं. फळ्यांचा फ्रीझर उघडला की गार हवा सांडल्यासारखी पायांवर येते. ड्रॉवरमध्ये ती बरीचशी अडून राहते. जानेवारीत सोलून भरलेले मटार, आमरसाचे डबे, गणपतीसाठी आधीच खवून ठेवलेला नारळ अशी साठवण ड्रॉवरमध्ये छान बसते, फक्त प्रत्येक पिशवीवर तारीख लिहावी, नाहीतर खालची पिशवी खालीच राहते. वीज गेली तर काय, असंही लोक विचारतात. तिथे फ्रीझर वर आहे की खाली यापेक्षा तो भरलेला आहे का, हे महत्त्वाचं. दार न उघडल्यास गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास गोठण टिकवतो, अर्धा भरलेला २४ तास. दूध-भाजीच्या कप्प्याला मात्र चारेक तासच मिळतात.

हे सगळं तोलताना मला आजीचं स्वयंपाकघर आठवतं. तिथे प्रत्येक वस्तूची उंची कुणीतरी विचार करून ठरवलेली होती. दूध-लोणी शिंक्यावर, मांजराला पोचू नये म्हणून. माठ तिवईवर, लहान पोरालाही पाणी घेता यावं म्हणून. मिसळणाचा डबा चुलीजवळ, बसल्या जागी हात जाईल असा. लोणच्याची बरणी फडताळात वर, कारण ती रोज उघडायची नसते आणि ओला हात तिला लागायला नको. ही मांडणी आजीने केली होती आणि तिच्या सासूने तिच्या आधी. तिथे वावरणाऱ्या बाईचा हात, तिची पाठ, तिच्या दिवसाची लय यांवरून त्या उंच्या ठरल्या होत्या. फ्रीज आला तो त्याची उंची दुसरीकडे ठरूनच. भाजीसाठी वाका, हे त्याने सांगितलं आणि आपण ऐकलं, कारण तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. आता इलाज आहे. उंची ठरवण्याचा तो जुना हक्क घरात परत आला आहे, आणि तो वापरायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून फ्रीज घ्यायच्या आधी आठवडाभर दाराला एक कागद चिकटवावा. फ्रीझर उघडला की एका बाजूला रेघ, बाकीचा फ्रीज उघडला की दुसऱ्या बाजूला, आणि रेघेपुढे उघडणाऱ्याचं नाव. त्या कागदावर घरातल्या कामाची वाटणीही दिसेल, आणि तीही बघण्यासारखी असते. मग दुकानात जाताना सगळ्यात जास्त रेघा जिच्या नावावर आहेत तिला बरोबर न्यावं. आपल्याकडे पैसे देणारा पुढे असतो, मोबाइलवर माहिती वाचणारा त्याच्या शेजारी, आणि जी पुढची दहा-पंधरा वर्षं त्या फ्रीजपुढे वाकणार ती मागे उभी राहून रंग बघत असते. तिने दार उघडावं, ट्रे ओढावा, दोनदा वाकून बघावं. पातेल्याची उंची दोरीने मापून न्यावी आणि फळ्यांमध्ये ते उभं राहतं का, ते पाहावं.

आम्ही तसंच केलं. सासूबाईंनी वरचं दार उघडलं, भाजीच्या ट्रेवर हात ठेवला. तो त्यांच्या कमरेच्या वरच होता. "फ्रीझर खाली गेला तर बर्फ कोण काढणार?" त्यांनी विचारलं. माझा मुलगा म्हणाला, "आजी, मी काढीन ना." आम्ही खालच्या फ्रीझरचा फ्रीज ठरवला. थोडी वीज जास्त जाईल, पैसे तर जास्त गेलेच, आणि ते योग्य ठिकाणी गेले याबद्दल मला शंका नाही.

एकच गोष्ट खटकते. लहान आकारात खालच्या फ्रीझरची निवड फार कमी आहे. महागणपतीच्या रांजणगावजवळ फ्रीजचे मोठमोठे कारखाने आहेत. तिकडे साताऱ्याच्या वाटेवर शिरवळलाही कारखाना आहे. या कारखान्यांपासून तासाभराच्या अंतरावर, दोन खोल्यांच्या घरांत, गुडघे दुखणाऱ्या कितीतरी आज्या रोज सकाळी मिरचीसाठी वाकतात. त्यांना मोठा फ्रीज नको असतो, परवडतही नाही. त्यांच्या मापाचा, त्यांच्या हाताच्या उंचीचा फ्रीज बनवणं या कारखान्यांना सहज जमेल. आपण दुकानात तो मागायला मात्र हवा, आणि मिळेपर्यंत मागत राहायला हवा.