चौकोनाचौकोनाने गोधडी: मुळशीतली काही टिपणे

मुळशीत गोधडी शिवायची म्हणजे आधी जमीन मोकळी करायची. खाली एक लुगडे ताणून पसरायचे, त्यावर विरलेले कपडे सपाट लावायचे, वर दुसरे लुगडे, चारी कडांना कच्चे टाके. मग कडेने धावदोरा सुरू करून फेर घेत घेत आत जायचे, बोटभर अंतराने. शेवटचा टाका मध्यावर पडेपर्यंत गोधडी एकच, अखंड.

चौकोनाची रीत याच्या उलटी. प्रत्येक चौकोन स्वतःपुरता पुरा करायचा. खालचे कापड, मधला थर, वरचे तुकडे आणि तिन्हींतून गेलेले टाके, सगळे त्यातच. असे चौकोन साठले की पट्ट्या लावून जोडायचे. परदेशी शिवणाऱ्या बाया तिला ‘क्विल्ट अ‍ॅज यू गो’ म्हणतात.

*

नऊवारीचा हिशेब. नऊ वार म्हणजे 324 इंच. त्याच्या चार घड्या घातल्या की एकेक पदर 81 इंचांचा, म्हणजे पावणेसात फूट. उंच माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत पुरून उरेल असा. एका लुगड्यात एका माणसाच्या गोधडीचे चार थर निघतात ते असे. सहावारीच्या 216 इंचांत सहा फुटांचे तीनच पदर बसतात. घरात नऊवारी नेसणारे कोणी उरले नाही तेव्हा गोधडीचे मापही बदलले.

लुगडे मध्ये विरले की कापून, बाहेरच्या कडा आत घेऊन दंड घालत. दंडाचेही दिवस संपले की ते गोधडीत जाई. तिथेही आधी वर, आणि फाटल्यावर नवे कापड वरून घालून आत. खालच्या थरातले लुगडे किती वर्षांचे हे घरातल्या थोरल्या बाईलाच माहीत.

*

कोळवण खोऱ्यातल्या एका आजींना शिवलेला चौकोन दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, ताणून पाहिला.

“टाका कडंपास्नं कडंपतूर गेला पायजे. मंग ती फाटंना. तुझं हे तुकडंच की गं.”

आक्षेप खरा आहे. धावदोऱ्याच्या गोधडीत प्रत्येक तुकड्याची कड दुसऱ्या कुठल्या तरी टाक्याखाली दाबलेली असते. ताण एका जोडावर येत नाही, सगळ्या कापडावर वाटला जातो. चौकोनांच्या गोधडीत सगळा ताण पट्टीवर. त्यामुळे या रीतीत अर्धे कसब चौकोनात, अर्धे जोडात.

*

जागेचे. ओटी होती, पडवी होती, सारवलेले माजघर होते, तेव्हा सात फुटांची गोधडी आठवडाभर पसरून ठेवता येई. येणारी-जाणारी बाई बसून चार टाके घालून उठे. आता भूगाव-भुकूमच्या सदनिकेत पलंग सरकवल्याशिवाय सतरंजीही पसरत नाही. आणि ज्यांच्या बसण्याने गोधडी पुढे सरकायची त्या बाया सकाळी पिरंगुटच्या कारखान्यांत, नाहीतर हिंजवडीच्या गाडीत. हिंजवडी, आयटी पार्कसकट, मुळशी तालुक्यातच येते हे पुणेकरांच्या सहसा लक्षात नसते.

फूटभर चौकोन मांडीवर मावतो, पिशवीत मावतो. भाताला शिट्टी होईपर्यंत हातात घेता येतो.

*

घरच्या शिलाई मशीनला या रीतीचा मोठा आधार आहे. सुई आणि मशीनचा खांब यांच्यामधली जागा जेमतेम वीतभर. त्यातून सबंध गोधडी गुंडाळून सरकवणे म्हणजे कुस्ती. चौकोन मात्र सहज फिरतो.

*

चौकोनाची कृती, जमेल तितकी सरळ:

खालचे कापड 13 इंच चौरस. त्यावर मधला थर तेवढाच; जुन्या सुती लुगड्याचे दोन पदर बेताचे होतात. पहिली चिंधी मधोमध किंवा एका कडेला, सुलटी वर करून ठेवायची. दुसरी तिच्यावर सुलटीला सुलटी लावून, कडेला कड जुळवून, सगळ्या थरांतून पाव इंचावर टीप. मग दुसरी उलटवून सपाट करायची, नखाने दाबायची. तिच्या मोकळ्या कडेला तिसरी. चिंध्यांची जोडणी आणि थरांची शिवण एकाच टिपेत होते, वेळ वाचतो तो इथे.

चौकोन भरला की साडेबारा इंचांच्या पुठ्ठ्याच्या साच्याने छाटायचा. साचा एकच ठेवावा, दर वेळी टेपने मोजू नये. एका चौकोनात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडेतिकडे झाले तर सहा चौकोनांच्या ओळीत पाऊण इंचाचा फरक पडतो.

चार गुणिले सहा, म्हणजे 24 चौकोन. जोडल्यावर साधारण 50 इंच रुंद, 75 इंच लांब.

*

जोडाचे गणित. वरची पट्टी 1 इंच रुंद. खालची पावणेदोन इंच, ती मधोमध दुमडायची म्हणजे सात सूत राहते. पहिल्या चौकोनाच्या कडेला वरून एकेरी पट्टी, खालून दुमडलेली, आणि पाव इंचावर एकच टीप. वरच्या पट्टीची दुसरी कड दुसऱ्या चौकोनाला, पुन्हा पाव इंचावर. उघडून पाहिले की दोन्ही चौकोनांच्या कडा पट्टीखाली बरोबर एकमेकींना भिडतात. ना मध्ये पोकळी, ना वर उंचवटा. वर दिसते ती अर्धा इंच पट्टी. खालच्या पट्टीची दुमड पलीकडच्या टिपेवरून एक सूत पुढे जाते. तिथे ती हाताने बारीक टाक्यांनी बसवायची.

आधी आडव्या ओळी जोडाव्यात, मग ओळीला ओळ. लांब पट्ट्या शेवटी येतात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड. आजींची अट निदान एका दिशेने पाळली जाते.

*

पट्ट्या कापताना जुने कापड घेऊ नये. संपूर्ण काटकसरीच्या या कामात नवे कापड घ्यायची जागा हीच. मांजरपाट असो की खणाचे कापड, आधी पाण्यात बुडवून, वाळवून, मगच कात्री लावावी. जुने लुगडे शंभर वेळा धुऊन आटलेले असते, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. नवे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि शेजारच्या चौकोनाला चुण्या पाडते.

*

पाऊस. 25 जुलै 2024 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत मुळशीतल्या ताम्हिणीत 556 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. अशा मुलखात अंथरूण-पांघरुणाचा पहिला प्रश्न ते उबदार किती हा नसतो, ते वाळते किती हा असतो. आषाढ-श्रावणात गोधड्या चुलीच्या धगीवर शेकून घेत. वर्षाची मोठी धुणी भाद्रपदात, घट बसायच्या आत. ओढ्याच्या खडकावर आपटून, उन्हे पडली की तिथेच झुडपांवर आणि कातळावर पसरून.

पॉलिएस्टरचा फुगीर थर बाजारात तयार मिळतो. हलका असतो, चौकोन गुबगुबीत दिसतो, फोटो छान येतो. पण त्यावर झोपलेल्याचा घाम तो शोषत नाही. पॉलिएस्टरच्या साड्यांचेही तेच, शिवाय त्या सुईखालून निसटतात. लवकर वाळतात हा त्यांचा गुण मान्य. म्हणून फार तर पांघरायच्या गोधडीत वरच्या अंगाला वापराव्यात. अंगाला लागणारी बाजू आणि मधला थर सुतीच हवा.

*

चौकोनांचा एक फायदा कोणी फारसा सांगत नाही. उंदराने एक कोपरा कुरतडला तर तेवढ्याच पट्ट्या उसवून चौकोन बदलता येतो. अखंड गोधडीला वरून ठिगळ लागते. अर्थात ठिगळ लागता लागताच ती जाड आणि ऊबदार व्हायची, हेही आहे.

*

टिपेचा मोह आवरावा. मशीन हाताशी असले की दर अर्ध्या इंचाला रेघ मारावीशी वाटते, आणि चौकोन पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. धावदोऱ्यात दोरा थोडा ढिला, टाका वर-खाली सारखाच, त्यामुळे गोधडी अंगाबरोबर वळते. मी आता चिंध्यांची जोडणी मशीनवर करते आणि मोठ्या चिंध्यांतून हाताने धावदोरा घालते. असे मिश्र काम सगळ्यांत टिकाऊ वाटले.

*

शिवता शिवता वाढवत जायची आपल्या शेजारची खरी परंपरा पाहायची तर उत्तर कन्नड जिल्ह्यात जावे लागते. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी लोकांची वस्ती आहे. मूळचे आफ्रिकेतून आलेले हे लोक आता कोकणी-कन्नड बोलतात. त्यांच्या बायका ‘कवंद’ शिवतात. खाली जुनी साडी, आणि कडेपासून आत येताना एकेक चिंधी ठेवत तिथल्या तिथे टाक्यांनी पक्की करत जायचे. आधी वरचा भाग जोडून घ्या, मग थर लावा, असे दोन टप्पे नाहीत. चारी कोपऱ्यांवर तिकोनी घड्यांचे ‘फूल’ बसले की कवंद पुरी झाली.

*

अमेरिकेतही ही रीत कालची नाही. 1861 ते 1865 च्या तिथल्या यादवी युद्धात न्यू इंग्लंडच्या बायकांनी सैनिकांसाठी गोधड्या केल्या. त्यांतल्या काहींत एकेका बाईने एकेक चौकोन कड मुडपून पुरा करायचा आणि नंतर सगळे जोडायचे अशी पद्धत होती. एक गोधडी अनेक घरांत एकाच वेळी तयार होई. पुढे जॉर्जिया बोनस्टील या शिक्षिकेने मांडीवर चौकोन शिवायचे तंत्र दूरचित्रवाणीवरून आणि 1982 च्या पुस्तकातून घरोघर पोचवले.

बचतगटांनी यातले पहिले उदाहरण उचलावे. चौकोन घरोघर, जोडणी एका ठिकाणी. साचा मात्र सगळ्यांकडे एकाच मापाचा.

*

मुळशीच्या बायकांनी जात्यावर गायलेल्या ओव्या नोंदल्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर हे काम केले. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून सुरुवात होऊन पुढे राज्यभरातून लाखावर ओव्या जमल्या. ज्या हातांनी जाते ओढले त्याच हातांनी गोधड्या शिवल्या. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर सचित्र पुस्तक केले आहे. तरी गावागावातल्या गोधड्यांची ओव्यांसारखी घरोघर फिरून नोंद व्हायला हवी. गोधडीला ध्वनिमुद्रण नको, दोन फोटो पुरेत: सुलट बाजू, उलट बाजू, आणि आत काय काय आहे ते सांगणारीचे चार शब्द.

*

गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवाही म्हणत. अंगावरच्या ठिगळांमुळे. गरिबीची खूण ती गोधडी, हा समज जुना. आता तीच गोधडी शहरातल्या दुकानात ‘हँडमेड’ची चिठ्ठी लावून टांगलेली दिसते, आणि शिवणारीशी तिच्या दारात घासाघीस होते. कापड जुने म्हणून किंमत कमी, हा हिशेब चुकीचा. गोधडीत पैसे कापडाचे नसतातच, दोऱ्याचे आणि दिवसांचे असतात.

*

नव्याने शिकणाऱ्यांसाठी: सबंध गोधडीने सुरुवात करू नका. नऊ चौकोनांचे बाळाचे दुपटे करा, तीन गुणिले तीन. साधारण 37 इंच चौरस होते. जोड कळतात, माप कळते, आणि बाळाला लागणारे मऊ कापड कोणते हेही कळते.

*

चौकोनाची रीत मुळशीच्या आजच्या घराला आणि आजच्या बाईच्या दिवसाला जुळणारी आहे, ती जरूर घ्यावी. मधला थर आणि धावदोरा मात्र जुनाच ठेवावा, नाहीतर उरते ती रजई. आणि माळ्यावरच्या ट्रंकेत सुती लुगडे पडले असेल तर ते भांडीवालीला देण्याआधी तेरा इंचांचे तुकडे कापून घ्या. बाकी सगळे सामान लक्ष्मी रोडवर मिळते, हे मिळत नाही.