ज्याची बॅटरी कमी, त्याचा नंबर आधी

नांदेड-लातूर ही माझी नेहमीची वाट. कधी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने, तर कधी परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घालत पनवेल गाडीने. या वाटेवर सीटवरून होणारी भांडणं जुनीच. आता चार्जिंगच्या सॉकेटवरूनही होतात.

सॉकेट नेमकं कोणाचं? खिडकीजवळ बसलेल्याला वाटतं, माझ्या कडेला आहे म्हणजे माझंच. पण तिकीट सीटचं असतं, सॉकेटचं नव्हे. खणात आठ माणसं आणि चालू सॉकेट एखादंच, असं असेल तर ते सगळ्यांचं.

एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण आज तिकीट मोबाइलात, पैसे मोबाइलात आणि घरच्यांचे नंबरही तिथंच. एकदा लातूरच्या दवाखान्यात निघालेल्या एक मावशी समोर बसल्या होत्या. फोन बंद, मुलाचा नंबर पाठ नाही, आणि तो घ्यायला स्टेशनच्या कोणत्या बाजूला थांबणार तेही ठाऊक नाही. सॉकेटवर एका कॉलेजच्या पोराचा फोन, सत्तर टक्क्यांवर. मी म्हटलं, "बेटा, मावशींचा पंधरा मिनिटं लावू दे." त्याने काही न बोलता पिन काढली. मावशींनी माझं नाव-गाव विचारायच्या आधीच फोन माझ्या हातात ठेवला, "लेकरा, तूच लाव, मला जमत न्हाई." आजकालच्या दिवसांत हा भरवसा मला फार मोठा वाटला.

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. ज्याची बॅटरी कमी, त्याचा नंबर आधी. दुसऱ्याची पिन विचारल्याशिवाय काढायची नाही. आपलं कामापुरतं झालं की स्वतःहून जागा मोकळी करायची. लांबच्या प्रवासात तीन पिनांचा बोर्ड जवळ ठेवला तर भांडणच मिटतं. पण त्यावर फक्त मोबाइल लावायचे. चहा उकळायची किटली डब्यात कधीच लावायची नाही.

हे सांगायला कारण आहे. 28 डिसेंबर 2013 च्या पहाटे बंगळुरूहून आपल्या नांदेडकडे येणाऱ्या एक्स्प्रेसचा एसी डबा आंध्रात पुट्टपर्थीजवळ पेटला. 26 माणसं गेली. त्या दुर्घटनेनंतर रात्री 11 ते पहाटे 5 डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवावेत, अशी शिफारस रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी केली. पश्चिम रेल्वेने मार्च 2021 मध्ये ते सुरू केलं. म्हणून रात्री सॉकेट बंद दिसलं की रेल्वेला शिव्या देऊ नयेत. फोन उशीखाली ठेवून चार्जिंगला लावू नये.

मशिदीतल्या सॉकेटचा मामला थोडा वेगळा. तिथलं बिल लोकांच्या चंद्यातून जातं. मुअज्जिनसाहेबांना विचारावं, माइकची किंवा पंख्याची पिन काढू नये, निघताना पेटीत काहीतरी टाकावं. स्टँडवरच्या हॉटेलातही तसंच. आधी चहा सांगावा, मग चार्जर काढावा.

पाणी, चारा आणि आग यांत सगळी माणसं भागीदार आहेत, अशा अर्थाची हदीस लहानपणी ऐकली होती. आजची आग म्हणजे वीज, असं मी समजतो. पाण्याचं तर लातूरकरांना सांगायलाच नको. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं, आणि त्याआधी टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली होती. घागर भरली की बाजूला व्हायचं, मागच्याला पुढं येऊ द्यायचं, हे ज्यांनी त्या उन्हाळ्यात केलं त्यांना सॉकेटचा शिष्टाचार वेगळा शिकवायची गरज नाही. फोन भरला की पिन काढा आणि शेजारच्याला विचारा, "तुमचा लावायचाय का?"