फुकटचं म्हणून

फुकट मिळणाऱ्या वस्तूची जबाबदारी कोणीच घेत नाही, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. इंदूरमध्ये मी करसल्लागाराचं काम करते. लॅपटॉपवर टॅलीसाठी विंडोज होतं आणि मराठी लिहिण्यासाठी भाच्याने बसवून दिलेलं फुकटचं उबंटू. ते रोज वापरायचे, पण त्यावर विश्वास नव्हता. ऑफिसातल्या सहायकाने एकदा विचारलं, जुन्या मशिनवर लिब्रेऑफिस घालू का? "आपल्याकडे लोकांचे हिशेब असतात, फुकटचं काही नको," म्हणून मी विषय संपवला. त्याचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

मग उबंटू 20.04 वरून 22.04 वर नेलं. त्यानंतर लॅपटॉप सुरू केला, तर विंडोज की उबंटू असं विचारणारी, ग्रब या प्रोग्रामची यादी आलीच नाही. थेट उबंटू उघडलं. जीएसटीच्या 3बी विवरणपत्राची 20 तारीख तोंडावर आणि अशिलांचा सगळा डेटा विंडोजमध्ये. भाच्याला फोन केला आणि नको ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "मावशी, सिल्व्हर मॉलच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन फॉरमॅट तेवढं करू नकोस. सुरू होताना एफ 12 दाबून बघ." दाबलं. 'विंडोज बूट मॅनेजर' ही ओळ तिथे होती. एंटर मारलं, टॅली उघडली, खाती जशीच्या तशी.

तेवढ्यावरच थांबले असते तर माझं मत होतं तसंच राहिलं असतं. भाचा म्हणाला, आता अपग्रेडची नोंद वाच. व्हार, लॉग, डिस्ट-अपग्रेड या फोल्डरमधली ती लांबलचक फाइल मी कंटाळत उघडली. खूप खाली ती सूचना सापडली: इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही, त्या प्रणाली यादीत येणार नाहीत, अमुक सेटिंग पाहा. नोंदीतली वेळ अपग्रेड केलं त्याच संध्याकाळची. म्हणजे मला सांगितलेलं होतं. मी त्या वेळी तपशिलाची खिडकी बंद करून चहा करायला गेले होते.

पण ओएस-प्रोबर का बंद केला, हे कळल्यावर मी खरी हलले. 2020 मध्ये ग्रबमध्ये 'बूटहोल' नावाची गंभीर त्रुटी सापडली आणि ग्रबवाल्यांनी आपला जुना कोड पुन्हा तपासायला घेतला. ओएस-प्रोबर प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने डिस्कचे सगळे भाग न विचारता उघडून पाहतो. त्यातल्या एखाद्या भागात कुणी मुद्दाम घातक काही ठेवलं असेल तर? म्हणून जून 2021 च्या 2.06 आवृत्तीपासून तो आपोआप चालणं थांबवलं. हवा असेल तर मालकाने स्वतः सुरू करावा. अशिलाचं कपाट त्याला न विचारता मी उघडते का? नाही. माझ्या धंद्यात ज्याला मी सचोटी म्हणते, तीच इथे माझ्यासमोर होती आणि मी तिला बेफिकिरी म्हणत होते. पैसे मोजले की काळजी मिळते आणि न मोजता मिळालं ते बेवारशी, हा हिशेब मी कधी तपासला नव्हता. हिशेब तपासणं हेच तर माझं काम!

अशी सूचना ठळक अक्षरांत समोर यायला हवी, हे मात्र मला अजूनही वाटतं. दुरुस्ती एका ओळीची होती. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'डिसेबल ओएस प्रोबर'पुढे 'फॉल्स' लिहिलं, टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब' चालवलं. पडद्यावर 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' उमटलं. पुढच्या वेळी यादी परत आली.

भाच्याची माफी मागितली. त्याहून अवघड होतं सहायकाशी बोलणं, कारण त्याने तो विषय पुन्हा काढलाच नव्हता. 14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10ची मोफत मदत थांबली आणि आमची दोन मशिन 11 घेईनात, तेव्हा मीच त्याला बोलावलं. मागे तुझं ऐकून न घेता नाही म्हणाले, ते चुकलं, असं स्पष्ट सांगितलं आणि विचारलं, त्या वेळी तुला नेमकं काय करायचं होतं? तो आधी संकोचला. मग खुर्ची ओढून बसला आणि सांगू लागला.