देहूची निळी ज्योत

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघावे, देहूरोडला उतरावे आणि मिळेल त्या वाहनाने इंद्रायणीचा काठ गाठावा. देहूला जायचे ते तुकोबांसाठी. देऊळ, वैकुंठगमनाची नांदुरकी, तेरा दिवसांनी गाथा कोरडी वर आली असे सांगतात तो डोह आणि दूरवर भंडाऱ्याचा डोंगर. मराठीच्या मास्तराला एवढी यादी पुरते. या खेपेस मात्र माझ्या यादीत एक जास्तीचे कलम होते. ते ऐकताच घरच्या मंडळींनी नाकाला पदर लावला. मला देहूतला संडास पाहायचा होता!

हसू नका. या गावात संडासाचाही एक इतिहास आहे. १९५९ साली डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर इथल्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. पाहतात तो गाव संतांचे, पण पहाटे सारे गाव लोटा घेऊन उघड्यावर! औषधाने जंत पडावेत आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पोटात यावेत. रोगी दवाखान्यात बरा होई आणि शेताच्या बांधावर फिरून आजारी पडे. तेव्हा डॉक्टरांनी संडास बांधायला घेतले. सुरुवातीचे काही पहिल्याच पावसात ढासळले. दुसरा कोणी बदली मागून मोकळा झाला असता. हे तिथेच राहिले. २०१५ साली ते गेले आणि २०१७ मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली.

त्यांच्या कामाचा दुसरा धागा कोकणातून येतो. ‘कोकणचे गांधी’ अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून उपोषण केले आणि येरवड्याहून गांधीजींनीही उपोषणाने त्यांना साथ दिली. मैला हाताळण्याचे काम एकाच जातीच्या माथी का, हा त्यांचा प्रश्न. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत त्यांनी त्याचे उत्तर विटा-चुन्यात शोधले. त्यांच्याच कल्पनेवर मापुस्करांनी देहूत संडासाला जोडलेले गॅसचे संयंत्र उभे केले. त्याचे नाव ‘मलप्रभा’. मळातून प्रभा! नाव ठेवणाऱ्याला मराठी उत्तम येत असले पाहिजे.

यंत्र कसले, एक बंद टाकी. संडासाचे भांडे नळाने थेट तिला जोडलेले. मध्ये कोणाच्या हाताचे काम नाही. आत हवा शिरत नाही, म्हणून हवेवाचून जगणाऱ्या जंतूंचे राज्य चालते. ते मळ कुजवतात आणि गॅस सोडतात. त्यात निम्म्याहून अधिक मिथेन, बाकी बहुतेक कर्बवायू आणि किंचित गंधकाचा वास. टाकीत मुक्काम जितका लांब, तितके रोगजंतू कमी. शेवटी उरते ते खत. मुंबईला ही विद्या नवी नव्हे. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ सालीच असा गॅस वापरल्याची नोंद आहे.

देवळामागच्या आळीत एका घरी असे संयंत्र पाहायला मिळाले. घरच्या आजींनी शेगडी पेटवली. निळी, शांत ज्योत. वर आधण ठेवले. “सर, चहा घेणार ना?” त्यांनी विचारले, आणि त्या ‘ना’वर जरा जोर दिला. माझा चेहरा वाचला असावा. पुढे त्याच म्हणाल्या, “अहो, भाजीला खत कशाचं, ते मंडईत कधी विचारता का? इथं तर नुसता जाळ आहे.” यावर एम. ए.च्या पदवीपाशी उत्तर नव्हते. मी कप उचलला. चहा आल्याचा होता आणि आल्याच्या चहासारखाच लागला.

आता हिशेब. एका माणसाच्या मळातून दिवसाला फार तर २५ ते ३० लिटर गॅस मिळतो. पाच माणसांच्या घराला त्यावर दोन वेळचा चहा निघेल, पुरणपोळीचा घाट घालता येणार नाही. स्वयंपाक चालवायचा तर गोठ्याची जोड हवी. सुमारे २५ किलो शेणातून एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर गॅस होतो. स्वयंपाकघरातले शिळेपाके टाकीत घातले तर तेही कामी येते. म्हणून मलप्रभेचे मोल केवळ गॅसच्या सिलिंडरशी तोलू नये. खरी कमाई अशी की, ती टाकी रोज भरते आणि तिच्यापायी कोणाला टोपले उचलावे लागत नाही.

आपण शहरातली माणसे साखळी ओढतो, बटण दाबतो आणि घाण ‘गेली’ म्हणतो. ती जाते कुठे? हाताने मैला उचलण्याची प्रथा १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायद्याने बंद केली, तरी गटारात उतरलेला माणूस गुदमरून गेल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळतेच. टाकीत कोंडला तर आपला चहा उकळणारा तोच वायू, त्याच्या दुसऱ्या विषारी सोबत्यांसह, तिथे जीव घेतो. सोवळेओवळे आपण पाळायचे आणि त्याची किंमत भलत्याने मोजायची, हा व्यवहार तुकोबांच्या गावी तरी पटत नाही.

देहूला जाल तेव्हा दर्शन घ्या, डोह पाहा, भंडारा चढा. आणि कोणी त्या निळ्या ज्योतीवरचा चहा पुढे केला, तर नाक न मुरडता घ्या. साखर थोडी जास्त असते, एवढेच.