जज़ीरा, जंजिरा आणि आमचा तंबू

आमच्या घरात पासपोर्ट एकच आहे, आणि तो अम्मीचा. अब्बांबरोबर हजला गेली तेव्हा काढलेला. मुदत कधीच संपली, पण कपाटात कुरआन शरीफच्या जुन्या जुजदानात गुंडाळून ठेवलेला आहे. त्यामुळे दहावीतल्या लेकीने जेव्हा मोबाइल माझ्या नाकासमोर धरून विचारलं, "अब्बू, इधर जाएंगे क्या अपन?" तेव्हा मला आधी त्या जुजदानाचीच आठवण झाली.

व्हिडिओ माल्टाचा होता. माल्टाच्या बेटांमध्ये कोमिनो नावाचं एक इवलंसं बेट आहे. तिथे एका कुटुंबाने समुद्राकाठी तंबू ठोकलेला, आई चहा करतेय, पोरं पाण्यात, बाप नुसता आडवा. लेकीला तो आडवा पडलेला बाप फार आवडला. "आप ऐसे कभी नहीं लेटते," म्हणाली. खरं आहे. सुट्टीतही मी पेपर तपासत असतो, नाहीतर कुणाचा तरी अर्ज भरून देत असतो.

मी मास्तर माणूस, सरळ नाही म्हणवत नाही. म्हटलं, हिशोब कर. तिने केला. माल्टाला शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्या माणसाला 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला 45. आम्ही चौघे मोठे (ती स्वतःला मोठ्यांत धरते, आणि व्हिसावालेही बारा वर्षांपुढे धरतात) आणि धाकटा. झाले 405 युरो. म्हणजे विमानाचं नाव न काढता चाळीस हजार रुपये नुसते अर्ज करायला, आणि व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाहीत. तिने वही मिटली.

पण माझ्या डोक्यात ते माल्टा घुसून बसलं, कारण वेगळं. मी शाळेत उर्दूही शिकवतो आणि मराठीही, त्यामुळे शब्द दिसला की त्याचं आडनाव विचारायची खोड आहे. माल्टाची भाषा अरबीतून निघालेली आहे. लोक कॅथलिक, लिपी रोमन, पण पुस्तकाला म्हणतात क्तिब, चंद्राला कमर, समुद्राला बहार, आणि देवाला अल्लाच. ईस्टरच्या आधीच्या उपासांच्या काळाला ते रांदान म्हणतात, म्हणजे आपलं रमज़ान. बेटाला त्यांचा शब्द ग्झिरा. अरबीतला जज़ीरा. तोच शब्द अरबी समुद्र ओलांडून कोकणात उतरला आणि मराठी तोंडात जंजिरा झाला. आपण जंजिरा बेट म्हणतो तेव्हा बेट बेट असंच म्हणत असतो. इकबाल 1908 मध्ये युरोपातून परतताना जहाजावरून सिसिली दिसली म्हणून त्या जज़ीऱ्यावर नज़्म लिहून बसले. मला आपला रायगड जिल्ह्यातला जज़ीरा पुरे. लेकीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मतलब मुरूड?" मी म्हटलं हो. थोडी हिरमुसली, पण लगेच विचारलं, "तंबूत?" म्हटलं, तंबूत.

अशी सुरुवात झाली.

साक्रीहून मुरूड चारशे किलोमीटरहून जास्त आहे. पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा, नाशिक, मग घाट उतरून पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा, काशीद. वाटेत ताहाराबादहून पश्चिमेला साल्हेर. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हा आपल्या शेजारचा साल्हेर आहे, खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. जंजिरा नाही, कारण तो कधी मराठ्यांच्या हाती आलाच नाही. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने आलेल्या सिद्दींचा तो किल्ला. संभाजीराजांनी 1682 मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव टाकून रस्ता करायला घेतला होता, तोही तडीस गेला नाही. नवाबी थेट 1948 पर्यंत चालली.

इथे मला थोडी चिंता आहे, ती लिहूनच टाकतो. किल्ल्यावर गाइड बोलतो, भोवती चाळीस-पन्नास माणसं असतात, आणि गोष्ट सांगण्याच्या भरात सिद्दी म्हणजे 'ते' होतात. मग दोन-चार माना माझ्या बायकोच्या बुरख्याकडे वळतात. कुणी वाईट बोलतंच असं नाही. माना वळतात एवढंच. आमचा सिद्दीशी संबंध काय? आमचे पणजोबा शिंपीकाम करायचे, पांझरेच्या पलीकडे कधी गेले नसतील. लेकीला मी आधीच सांगून ठेवलंय की 1679 मध्ये खांदेरीच्या लढाईत शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता, आणि समोर इंग्रजांच्या बाजूने सिद्दी होता. मुसलमान दोन्हीकडे होते, जसे दर्यावर्दी दोन्हीकडे होते. ती म्हणाली, "ये मैं गाइड को बोलूं?" मी म्हटलं, आधी ऐकून घे. मग वाटलं तर बोल.

किल्ल्यात मुक्काम करता येत नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात, पावसाळ्यात बंद असतात, आणि ठरलेल्या वेळात फिरून परत यायचं. होडीतून थेट दरवाजाच्या पायऱ्यांवर पाय टाकावा लागतो आणि लाटेबरोबर होडी वर-खाली होते. अम्मीच्या गुडघ्यांचं तिथे काय होणार, हा प्रश्न घरात तीन दिवस चालला. शेवटी अम्मीनेच निकाल दिला: ती धक्क्यावर बसून किल्ला बघेल. "पत्थर दूर से भी दिखता." म्हणजे बेटावर दिवसा, आणि तंबू समोरच्या किनाऱ्यावर.

आता तंबू कधी लावायचा. आमच्याकडे समुद्र माहीत नाही, धरण माहीत आहे. लाटीपाड्याचं किंवा मालनगावचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही. बी.एड.ला माझ्याबरोबर मुरूडकडचा एक कोकणी मुसलमान मित्र होता, त्याला फोन केला. त्याने एक गणित सांगितलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता. अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे.

मी म्हटलं, यार, माझ्या घरात चांदाची तारीख चालते. तो हसला. म्हणाला, चांद बहुधा द्वितीयेला दिसतो, म्हणून आपल्या तारखेत एक किंवा दोन मिळव. हे मी पडताळून पाहिलं. 2023 मध्ये रमज़ान ईद आणि आखाजी एकाच दिवशी आली होती, 22 एप्रिलला. आमच्या गल्लीत एकीकडे शीरखुर्मा आणि दुसरीकडे पुरणपोळी-आमरस, आणि पोरं दोन्हीकडे. आखाजी म्हणजे वैशाखातली तृतीया, आणि आमची ती शव्वालची पहिली. बरोबर दोनाचा फरक.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं, तर सुट्टीची सुरुवात अमावास्येच्या आसपास. तेव्हा समुद्राला उधाण असतं, पाणी सगळ्यात वर येतं, आणि तेही रात्री सव्वाअकराला, पोरं झोपेत असताना. तो बेत बाद. त्यानंतर आठ दिवसांनी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, डोळ्यांदेखत, आणि मध्यरात्री ओहोटी, समुद्र लांब गेलेला. त्यात अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. आणि अर्धा चांद मध्यरात्रीपर्यंत वर. मी कागदावर हे मांडून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "इतना हिसाब शादी के टैम किया होता तो." असो.

तारीख ठरली, मग जागा. किनाऱ्यावर तंबू भाड्याने देणारे बरेच आहेत. एकाला फोन केला. जागा होती, भाव ठरला, अम्मीसाठी शौचालय जवळ असलेला तंबू देतो म्हणाला, चांगलं बोलला. आधार कार्डांचे फोटो पाठवा म्हणाला. मी पाचही पाठवले. तासाभराने मेसेज आला, 'सॉरी सर, फुल झालंय.' मी ठीक आहे लिहिलं. दिवाळीची सुट्टी आहे, फुल होऊ शकतं. खरंच होऊ शकतं. रात्री लेकीने तिच्या मैत्रिणीच्या मोबाइलवरून त्याच नंबरला विचारलं, त्याच तारखेला, पाच माणसं. उत्तर आलं, 'हो मॅडम, उपलब्ध आहे.'

तिने मला ते दाखवलं नाही. आईला दाखवलं, आणि आईने मला सांगितलं.

वीस वर्षं मी वर्गात उभा राहतोय. मुलांना सांगतो की मराठी नीट शिका, अस्खलित बोला, दारं उघडतील. फोनवर माझं मराठी ऐकून दार उघडलं होतंच. कार्ड पाहून बंद झालं. किंवा कुणी तरी बुकिंग रद्द केलं असेल आणि जागा झाली असेल, मी अजूनही तेच म्हणतो, बायको म्हणते तुम्ही स्वतःला समजावताय. लेकीशी काय बोलायचं हे मला दोन दिवस सुचलं नाही. मी गप्प राहिलो तर ती गप्प राहायला शिकेल. मी चिडलो तर ती घरातून निघायच्या आधीच चिडलेली असेल, आणि तिला पुढच्या वर्षी अकरावीला धुळ्याला किंवा नाशिकला राहायचं आहे, खोली शोधायची आहे. तिथे हेच प्रश्न असणार.

मित्र म्हणाला, कशाला त्यांच्या दारात जातोस, माझी नारळ-सुपारीची वाडी आहे, विहिरीला पाणी आहे, तिथे तंबू ठोक. मला हायसं वाटलं. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "वो तो मेहमानी हुई अब्बू. दुकानवाले ने ना बोला इसलिए रिश्तेदार के घर." मी म्हटलं, त्यात वाईट काय? म्हणाली, वाईट काही नाही, पण मला समुद्रावर झोपायचंय, पैसे देऊन, बाकीच्यांसारखं.

मग आम्ही दोघं ओट्यावर बसलो आणि दुसरा नंबर लावला. स्पीकर चालू ठेवला. या वेळी मी भाव, तंबू, शौचालय काहीच विचारलं नाही. आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, सोबत कोण कोण आहे ते सांगितलं, आई नमाज़ पढते, पहाटे उठते, हेही सांगितलं. लेक माझ्याकडे बघत होती. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो माणूस म्हणाला, "साक्री म्हणजे पवनचक्क्यांचं ना? या की. पण सर, आमच्याकडे दारू चालत नाही, आधीच सांगतो. आणि लेकरांना पाण्यात एकटं सोडायचं नाही."

लेकीला इतकं हसू आलं की फोन मलाच बंद करावा लागला.

तिसऱ्या एका ठिकाणीही आम्ही फोन केला होता, त्यांनी उचललाच नाही. त्याचा अर्थ आम्ही काही लावला नाही.

तंबू भाड्याचा असला तरी सराव पाहिजे म्हणून शाळेतल्या सहकाऱ्याचा तंबू दोन दिवसांसाठी आणला. तो झेडपीच्या मराठी शाळेतून आमच्याकडे आलेला. तंबू देताना म्हणाला, माझ्या जुन्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची, चार-पाच महिने कोपीत राहायची, त्यांना सांगितलं असतं की लोक पैसे देऊन कापडाखाली झोपतात तर त्यांना पटलं नसतं. आमच्या साक्री तालुक्यातून दरवर्षी गाड्या भरून जातात, तुम्हाला माहीत आहे. मला यावर काही बोलता आलं नाही. तंबू मात्र घेऊन आलो.

गच्चीवर लावला. खुंट्या स्लॅबमध्ये कशा ठोकणार, म्हणून चार कोपऱ्यांना गव्हाच्या गोण्या ठेवल्या. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या जिच्यावर फिरतात ती हवा रात्री नऊला सुटली आणि तंबू पतंगासारखा फुगला. धाकटा आत होता, त्याला फार मजा आली. बायको खालून ओरडत होती की पडोस काय म्हणेल. पडोसची चार पोरं तोवर वर येऊन तंबूत बसली होती.

शेवटी अम्मी वर आली. गुडघा धरून, एकेक पायरी. वाकून आत गेली, बसली, वरच्या कापडाला हात लावून पाहिला. म्हणाली, मिना में ऐसेच थे, बस वो बड़े थे. मग मला विचारलं, तिथे समुद्रावर किबला कुणीकडे येतो? मी सांगितलं, पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे. म्हणजे समुद्राकडेच तोंड करून. मध्ये काहीच नाही, पाणी, आणि पलीकडे अरबस्तान. ती थोडा वेळ गप्प बसली.

"बीच में कुछ नहीं?"

"कुछ नहीं अम्मी."

दुसऱ्या दिवशी सामानाच्या यादीत, टॉर्च, चटया, ओडोमॉस, ठेचा, कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि टमरेल यांच्या खाली, तिने लेकीकडून आणखी एक ओळ लिहून घेतली: जानमाज़, मोठी वाली.